रक्तात ड जीवनसत्त्व ११, मग पाठीतल्या पाण्यात किती असेल?

बकुळफूल | मंगळवार, रात्री १०.४७

सासूबाई ७४ वर्षांच्या. गेले आठ-नऊ महिने चाल बिघडली आहे. पाय उचलतच नाहीत, फरशीला चिकटल्यासारखे घासत चालतात. वळायचं म्हटलं की सात-आठ बारीक पावलं. बाथरूमपर्यंत पोचेपोचेतो उशीर होतो. विसरणंही वाढलंय, पण ते आम्ही वयावर ढकललं होतं. न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय बघितला आणि मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलंय का याची खात्री करायला परवा मणक्यातून ४० मिली पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं तेच) काढलं. काढायच्या आधी चालवून व्हिडिओ घेतला, नंतर पुन्हा चालवून घेतला.

त्याच सकाळी रक्त गेलं होतं. त्यात ड जीवनसत्त्व ११ (मिलिलीटरला नॅनोग्रॅम) आलं. ६०,००० युनिटचे साशे (पुड्या) दिलेत, आठवड्याला एक, आठ आठवडे.

आता माझा प्रश्न. एवढं ४० मिली पाणी काढलं, त्यात साखर पाहिली, प्रथिनं पाहिली, पेशी मोजल्या. मग ड का नाही पाहिलं? मेंदूला ड लागतं असं जिथेतिथे वाचायला मिळतं. नणंदबाई म्हणतात, डॉक्टरांना सुचलं नसेल, आपणच सांगायला हवं होतं. मला काल रात्री शोधताना १९८४ सालचा एक जर्मन शोधनिबंध दिसला. माणसाच्या पाठीतल्या पाण्यात आणि रक्तात ड ची तिन्ही रूपं मोजलेली. चाळीस वर्षांपूर्वी जे जमत होतं ते आज आपल्याकडे का नाही? लॅबमधलं कुणी आहे का इथे?

चिंचगूळ | मंगळवार, रात्री ११.०२

वाचतेय. माझं १४ आहे आणि दिवसभर झोप येते.

खडूसकाका | मंगळवार, रात्री ११.०९

झोप रात्री अकरा वाजता इथे प्रतिसाद लिहिल्याने येते. दिवे घ्या.

मिरजकर_निवृत्त | बुधवार, सकाळी ६.२०

बाई, आधी एक सांगतो. नणंदबाईंना म्हणावं, डॉक्टरांना न सुचायला काही झालं नाही. ही जी तपासणी केली तिला टॅप टेस्ट म्हणतात. ३० ते ५० मिली पाणी काढायचं आणि चाल सुधारते का ते बघायचं. घासत चालणं, लघवीवर ताबा न राहणं आणि विसराळूपणा, मेंदूत पाणी साठण्याच्या या आजाराचं हे त्रिकूट १९६५ मध्ये हकीम आणि ॲडम्स यांनी मांडलं. चाल सुधारली तर शंट (जादा पाणी वाहून नेणारी बारीक नळी) घालून फायदा होण्याची शक्यता वाढते. त्या पाण्यात ड किती होतं यावर इथला एकही निर्णय फिरत नाही.

४० मिली ऐकून घाबरू नका. आपल्या अंगात हे पाणी एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार होतं. म्हणजे काढलेलं दोनेक तासांत भरून निघतं. डोकं दुखलं असेल तर आडवं पडून राहू दे, पाणी-चहा द्या.

दुसरं. या पाण्यात साखर तपासतो तेव्हा त्याच वेळची रक्तातली साखर शेजारी ठेवूनच वाचतो, साधारण दोन तृतीयांश असायला हवी. सुटा आकडा काही बोलत नाही. साखरेचं हे गणित डॉक्टरांना तोंडपाठ असतं. ड चं असं मान्य गणित दवाखान्यात कुणाकडेच नाही. ज्या आकड्याला 'नेहमीचं' काय ते ठरलेलं नाही तो मागवून करणार काय? माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये पाठीतल्या पाण्यातला ड मी कधी मागवला नाही, कुणी मागवलेला पाहिलाही नाही.

पिपेटवाली | बुधवार, दुपारी १.३५

लॅबमधलं कुणी आहे का म्हणून विचारलंत, हजर! मुंबईत जैवरसायन विभागात आहे, ड च्या चाचण्या रोज हातून जातात. डबा खाऊन लिहितेय, लांबेल.

आधी ती 'तिन्ही रूपं'. कातडीत उन्हाने बनतं किंवा साशेतून पोटात जातं ते कच्चं ड३. यकृतात त्याला एक हायड्रॉक्सी चिकटतो, झालं २५-हायड्रॉक्सी. तुमच्या रिपोर्टावरचं ११ म्हणजे हे. रक्तात ते दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून साठा मोजायला हेच धरतात. पुढे मूत्रपिंडात आणखी एक हायड्रॉक्सी लागला की १,२५. खरं काम करणारं संप्रेरक हे, पण काही तासांचं सोबती आणि प्रमाण पाचशे-हजारपट कमी. पहिल्याचं माप नॅनोग्रॅममध्ये, याचं पिकोग्रॅममध्ये. तिसरं २४,२५, म्हणजे शरीराने ड मोडीत काढायला घेतल्याची खूण. लोक हौसेने १,२५ तपासून घेतात आणि 'नॉर्मल आलं' म्हणून खूश होतात. साठा आटला की पॅराथायरॉइड ग्रंथी जोर लावते आणि १,२५ नॉर्मल, कधी तर जास्तही दिसतं. कमतरता ओळखायला ते कुचकामी.

आता पाठीतलं पाणी. रक्तात ड एकटं हिंडत नाही. साधारण ८५ टक्के ड-बंधक प्रथिनाला चिकटलेलं, बाकीचं बहुतेक अल्ब्युमिनला. २५-हायड्रॉक्सीतलं खरंखुरं मोकळं म्हणाल तर सुमारे ०.०३ टक्के. आणि पाठीतल्या पाण्यात प्रथिनं असतात जेमतेम. रक्तात डेसिलीटरला ६ ते ८ ग्रॅम, तिथे १५ ते ४५ मिलिग्रॅम. ज्या गाडीत बसून ड फिरतं ती गाडीच तिथे फारशी येत नाही.

पाकिटाच्या पाठीवर करतात तसला हिशेब करून बघू. रक्तात २० नॅनोग्रॅम धरा, म्हणजे २०,००० पिकोग्रॅम. अल्ब्युमिन पाठीतल्या पाण्यात रक्ताच्या ढोबळमानाने दोनशेव्या हिश्शाने उतरतं. ड-बंधक प्रथिन आकाराने त्याच्या जवळपासचं, तेही तसंच उतरलं तर ड येईल मिलिलीटरला १०० पिकोग्रॅमच्या आसपास. निव्वळ मोकळंच उतरलं असं धरलं तर ६. आणि १,२५? रक्तातच ४० पिकोग्रॅम, त्याचा दोनशेवा हिस्सा ०.२. रोजच्या रक्तचाचणीचं यंत्र इथे हात टेकतं. हा माझा कागदी हिशेब आहे, मोजमाप नव्हे. पण आपण कुठल्या पातळीवर चाचपडतोय याचा अंदाज येईल.

त्यात दोन भानगडी. एक, ड तेलकट स्वभावाचं. रक्तात प्रथिनं त्याला धरून ठेवतात. प्रथिनंच नसलेल्या पाण्यात ते नळीच्या भिंतीला, पिपेटच्या टोकाला जाऊन चिकटतं. यंत्रापर्यंत पोचतं त्यातलं उरलंसुरलं. (अल्झायमरसाठी याच पाण्यातलं बीटा-अमिलॉइड हे प्रथिन मोजतात, त्यातही हाच छळ, म्हणून ठरावीक पॉलिप्रॉपिलिनची नळी लागते. साध्या नळीत आलेला नमुना बघून आमच्या मॅडम जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

दुसरी, सुई आत जाताना फुटणारी बारीक रक्तवाहिनी. पाण्यात शंभराला एक भाग रक्त मिसळलं तर वरच्या हिशेबाने शंभरेक पिकोग्रॅम फुकटात आले. म्हणजे उत्तर दुप्पट! एवढं रक्त डोळ्यांनाच दिसतं आणि नमुना बाद होतो, पण त्याच्या दहाव्या हिश्शाची गुलाबी झाक कुणी चालवून घेतली तरी आकडा हलतो.

१९८४च्या निबंधाबद्दल. तो 'क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट'मधला असणार, बालाबानोवा आणि सहकाऱ्यांचा. त्याचं मोल आहे. पाठीतल्या पाण्यात ही रूपं असतात हे त्यांनी दाखवलं, आणि सोबत रक्तही मोजलं. पण त्या काळच्या चाचण्या चढाओढीवर चालत. किरणोत्सारी खूण लावलेलं ड आणि रुग्णाचं ड यांना प्रथिनावरच्या त्याच जागांसाठी झुंजवायचं आणि कोण किती बसलं त्यावरून उत्तर काढायचं. ड सारखं दिसणारं दुसरं काही त्या जागेवर बसलं तर तेही ड म्हणूनच मोजलं जातं. आज वस्तुमानावरून रेणू ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर आहे. म्हणून त्या वेळचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवून 'पूर्वी लोकांच्या मेंदूत जास्त ड होतं' असं कुणी लिहू नये. रक्ताच्या साध्या चाचणीतही एका लॅबचं १८ दुसरीकडे २४ येतं. लॅबांची उत्तरं ताडून बघायला १९८९ पासून एक आंतरराष्ट्रीय योजना चालू आहे, ती उगीच नाही.

थोडक्यात बकुळताई, 'होत नाही' असं नाही. संशोधनात होतं. रिपोर्ट देण्याजोगं होत नाही.

बकुळफूल | बुधवार, दुपारी ४.१०

पिपेटवाली, दोनदा वाचलं, नणंदबाईंनाही पाठवलं. त्यांचा उलटप्रश्न: जर मेंदूत इतकं कमी उतरतं तर मेंदूला त्याचा उपयोग तरी काय?

पिपेटवाली | बुधवार, संध्याकाळी ७.४८

नणंदबाईंना आमच्याकडे नोकरीला पाठवा.

पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू नव्हे. गल्लीच्या नळाला पाणी किती येतं यावरून घरातला हंडा भरलाय की रिकामा ते कळत नाही, तसलं काहीसं. २००५ मध्ये ब्रिस्बेनच्या डॅरिल आइल्स आणि मंडळींनी माणसाच्या मेंदूत ड चा ग्राहक रेणू आणि २५ चं १,२५ करणारं विकर, दोन्ही कुठे कुठे आहेत याचा नकाशाच मांडला. हायपोथॅलॅमसमध्ये ठळक, आणि पार्किन्सनमध्ये जिथल्या पेशी झडतात त्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातही. म्हणजे कामाचं ड मेंदू जागच्या जागी बनवत असण्याची शक्यता आहे. बनवलं तिथेच वापरलं तर पाण्यात त्याचा पत्ता कशाला लागेल? शिवाय हे पाणी जिथे बनतं त्या कोरॉइड प्लेक्ससच्या पेशींवर मेगालिन नावाचं प्रथिन असतं. मूत्रपिंडात हेच मेगालिन ड-बंधक प्रथिनाला ड सकट आत ओढून घेतं. मेंदूच्या दारातही ते तेच काम करत असेल का, हा विचार रास्त आहे, पण मी तो 'विचार' म्हणूनच लिहितेय.

उत्तरेकडचा_वारा | बुधवार, रात्री ११.५५

ओस्लोहून. इथे हा विषय निघाला की सगळे कान टवकारतात. आम्ही ६० अंशांवर. ऑक्टोबर ते मार्च उन्हात ड बनवणारे किरण जवळजवळ नसतातच, ऊन पडलं तरी ते फक्त फोटोपुरतं. नावात 'र' असलेल्या महिन्यांत रोज चमचाभर कॉड माशाचं तेल, ही इथली आजीची शिकवण. सप्टेंबर ते एप्रिल बरोबर बसतं. पहिल्या हिवाळ्यात मी नाक मुरडलं, आता मुकाट्याने गिळतो.

बायकोला एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार) शंका होती (निघालं नाही, सुटलो), तेव्हा मी हे सगळं वाचून काढलं होतं. इथल्याच लोकांनी २००९ मध्ये एमएसच्या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात २५-हायड्रॉक्सी मोजलं होतं. त्यांना वाटत होतं की आजार उसळतो तेव्हा आणि शांत असतो तेव्हा काही फरक दिसेल. तसा दिसला नाही. रक्तात ज्याचं जास्त, त्याचं पाण्यातही जास्त, एवढं मात्र दिसलं.

एमएसमध्ये औषध म्हणून ड देण्याची गोष्ट वेगळी. तिथे बरेच प्रयोग फसले. २०२५ मध्ये फ्रान्समधला एक प्रयोग आला, ३१६ रुग्ण, अगदी पहिल्या झटक्यानंतर लगेच दर दोन आठवड्यांनी एक लाख युनिट. त्यात आजाराने पुन्हा हालचाल दाखवली ती खोटं औषध घेणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांत, ड घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांत. मोठा डोस, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक रुग्ण. घरी करायचा नाही.

आणि एकक बघत जा रे बाबांनो. इथे रिपोर्ट नॅनोमोलमध्ये येतो. माझं ५० आलं, मी आईला फोनवर सांगितलं, आई म्हणाली, अरे वा, आमच्या शेजारणीचं १७च आहे. भागिले अडीच केलं तर माझं २० निघालं. दोघी-तिघींत मिरवून झाल्यावर!

माळरान | गुरुवार, सकाळी ८.१५

आमच्या सोलापूरला ऊन फुकट. रोज सकाळी सातला गच्चीवर कोवळं ऊन घ्या, सगळं व्यवस्थित होतं. हे साशे वगैरे कंपन्यांची चाल.

मिरजकर_निवृत्त | गुरुवार, सकाळी ९.०५

माळरान, कोवळ्या उन्हाने बरं वाटतं यात वाद नाही. पण सातच्या उन्हात ड बनवणारे यूव्हीबी किरण नावालाच असतात. सूर्य तिरपा असला की ते हवेतच अडकतात. ड बनतं ते साधारण दहा ते तीनच्या उन्हात, तेव्हा सोलापुरात कोण गच्चीवर जाणार? खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत. ज्या बाईला दारापर्यंत जायला भिंत धरावी लागते तिला ऊन सांगून भागत नाही. त्यात म्हाताऱ्या कातडीत ड बनायचा कच्चा मालच कमी होतो.

खडूसकाका | गुरुवार, सकाळी ९.३०

+१. पण माळरानांच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे हो. ज्याचं बघावं त्याचं ड कमी. हे 'कमी' ठरवलं कुणी?

पिपेटवाली | गुरुवार, दुपारी १.२०

खडूसकाका, या वेळी तुमच्याशी सहमत आहे, तारीख लिहून ठेवा. अमेरिकेतल्या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये २०च्या खाली कमतरता आणि ३०पर्यंत 'अपुरं' अशी रेघ मारली होती. २०२४च्या नव्या मार्गदर्शनात त्यांनीच त्या रेघा मागे घेतल्या आणि धडधाकट माणसांची सरसकट चाचणी करू नका म्हणून सांगितलं. आपल्याकडच्या 'फुल बॉडी' पॅकेजवाल्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. मात्र ७४ वर्षांच्या, घराबाहेर न पडणाऱ्या, पडायचा धोका असलेल्या बाईंचं ११ यात वाद घालण्यासारखं काही नाही. ते भरून काढायचं, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी.

चिंचगूळ | गुरुवार, दुपारी ३.४०

मग माझ्या झोपेचं आणि मूडचं काय? मैत्रीण म्हणते तिचं डिप्रेशन ड घेऊन गेलं.

उत्तरेकडचा_वारा | गुरुवार, संध्याकाळी ६.०५

मैत्रिणीला बरं वाटलं हे छानच. पण अमेरिकेत व्हायटल नावाचा प्रचंड प्रयोग झाला, त्यातल्या १८,३५३ जणांवर नेमका हाच प्रश्न तपासला. पन्नाशीपुढचे लोक, रोज २,००० युनिट किंवा खोटी गोळी, पाच वर्षांहून जास्त. नैराश्य येण्यात फरक पडला नाही, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. यातल्या बहुतेकांचं ड मुळात ठीक होतं, हेही खरं. तुझं १४ आहे तर भरून काढ, पण झोपेसाठी थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घे.

शेवंता_नागपूर | गुरुवार, रात्री ९.२२

थोडं अवांतर, पण लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांना हेच ६०,०००चे साशे दिले होते. आठवड्याला एक हे चिठ्ठीवर इंग्रजीत होतं, घरी कुणी नीट वाचलं नाही आणि त्यांनी रोज एक घेतला, दोन महिने. उलट्या, तहान, बद्धकोष्ठ, मग बरळायला लागले. आम्हाला वाटलं अर्धांग की काय. रक्तात कॅल्शियम भलतंच चढलं होतं. दहा दिवस सलाइनवर होते. वाचले. बकुळताई, कॅलेंडरवर खूण करा, रविवार म्हणजे रविवार.

बकुळफूल | गुरुवार, रात्री ९.४०

बाप रे. फ्रिजवर आत्ताच चिठ्ठी लावली, 'साशे फक्त रविवारी, दुधातून'. सासूबाईंच्या हाताला डबाच लागणार नाही असा ठेवलाय.

कुंपणावरची_खार | शुक्रवार, सकाळी ११.१८

विसरण्याबद्दल कुणी बोललंच नाही. स्वीडनमध्ये २०१३ साली अल्झायमरच्या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात २५-हायड्रॉक्सी कमी सापडलं होतं. आणि २०२२ मध्ये बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या कायला शे यांच्या गटाने थेट मेंदूच्या ऊतीत मोजलं. शिकागोच्या रश विद्यापीठाच्या अभ्यासात नाव नोंदवून, मेल्यावर मेंदू देऊन गेलेली २९० माणसं. मेंदूच्या चार भागांत ड तपासलं. ज्यांच्या मेंदूत २५-हायड्रॉक्सी जास्त होतं त्यांच्यात शेवटच्या तपासणीच्या वेळी स्मृतिभ्रंश किंवा त्याच्या आधीची पायरी असण्याची शक्यता २५ ते ३३ टक्के कमी. मग घ्या की ड!

पिपेटवाली | शुक्रवार, दुपारी १.५०

खारूताई, त्याच अभ्यासातली पुढची ओळ गाळलीत. मेंदूतल्या ड चा आणि अल्झायमरच्या खुणांचा, म्हणजे अमिलॉइडचे थर वगैरेंचा, काही संबंध लागला नाही. जर ड मुळे आजार अडत असेल तर खुणाही कमी दिसायला हव्यात ना? मग दुसरी शक्यता शिल्लक राहते. ज्याचं डोकं शाबूत तो बाहेर पडतो, नीट जेवतो, औषधं वेळेवर घेतो, त्याचं ड चांगलं राहतं. बकुळताईंच्या सासूबाईंचंच बघा. आधी चाल गेली, मग ऊन गेलं, मग ड. ११ हे चाल बिघडल्याचं कारण असेल त्यापेक्षा परिणाम असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

तो अभ्यास मला तरीही फार आवडतो, कारण त्यांनी जिथे प्रश्न होता तिथेच जाऊन मोजलं. पण ते माणूस गेल्यावरच जमतं.

मिरजकर_निवृत्त | शुक्रवार, संध्याकाळी ५.३०

पिपेटवालींच्या या प्रतिसादातलं 'आधी चाल, मग ऊन, मग ड' मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटावर टाकलं, नाव न सांगता. तिथे आता भांडण लागलंय.

बकुळफूल | रविवार, रात्री ८.१५

खबरबात. आज न्यूरॉलॉजिस्टनी दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून दाखवले. दहा मीटर जायला आधी २७ सेकंद, पाणी काढल्यावर दुसऱ्या दिवशी १८. वळताना आठ पावलांची पाच. न्यूरोसर्जनची वेळ बुधवारची मिळालीय, शंटबद्दल बोलतील.

मी धीर करून विचारलंच, त्या पाण्यात ड बघता आलं असतं का. डॉक्टर हसले नाहीत, म्हणाले, आकडा आला असता तर तुम्हीच मला विचारलं असतं की याचं करायचं काय, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. रक्तातलं ड आणि कॅल्शियम तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. नणंदबाई शेजारीच होत्या, त्यांनी पिपेटवालींचा हिशेब लिहिलेला कागद पर्समधून काढला होता, तो परत आत ठेवला.

आजचा साशे दिला. दुसरा.

खडूसकाका | रविवार, रात्री ८.२१

सत्तावीसवरून अठरा! पेढे कुठे पाठवताय?